ज्या विवराचा खड्डा उरला नाहीं

वऱ्हाडांतील लोणारचें सरोवर आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. काळ्या खडकांत कोरून काढल्यासारखें तें वाटोळें भांडें, त्याचा उंचावलेला कांठ, तळाशीं सांचलेलें खारें पाणी आणि भोंवतालचीं जुनीं देवळें हीं सर्व एका दृष्टिक्षेपांत सांपडतात. विष्णूनें लवणासुरास मारलें तें हेंच स्थळ, अशी कथा तेथें सांगतात. येथें कांहीं तरी भयंकर घडलें असलें पाहिजे, हें समजण्यास शास्त्राची गरज लागत नाहीं. खड्डा स्वतःच आपली साक्ष देतो. परंतु भूस्तरशास्त्राच्या हिशेबानें लोणार हें अगदीं कालचें मूल आहे. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या मापनाप्रमाणें त्याचें वय सुमारें ५,७०,००० वर्षें येतें. आतां असें समजा कीं, पाऊस, वारा आणि नद्या यांनीं एखाद्या अशाच जागीं दोनशें कोटी वर्षें आपलें काम चालविलें. कांठ गेला, तळ गेला, आणि तळाखालचा खडकहि कित्येक किलोमीटर झिजून समुद्रास मिळाला. मग तेथें काय उरेल? आणि जें उरेल त्याकडे बोट दाखवून, येथें एके काळीं आकाशांतून पाषाण पडला होता, असें कोणीं म्हटलें तर त्यावर विश्वास कोण ठेवील?

हा प्रश्न केवळ कल्पनेंतला नाहीं. दक्षिण आफ्रिकेंत तो खरोखरीच उपस्थित झाला, आणि त्याचा निकाल लागण्यास विसाव्या शतकाचा बहुतेक काळ खर्ची पडला. त्या वादाची हकीकत येथें सांगण्याचा आमचा विचार आहे.

जोहान्सबर्ग शहराच्या नैर्ऋत्येस सुमारें १२० किलोमीटरांवर व्हाल नदीच्या कांठीं पॅरीस नांवाचें गांव आहे आणि त्याच्या दक्षिणेस व्रेडेफोर्ट नांवाचें दुसरें. डच भाषेंत 'व्रेडे' म्हणजे शांतता. पृथ्वीवर ज्ञात असलेल्या सर्वांत मोठ्या आघाताच्या मध्याजवळ वसलेल्या गांवास हें नांव मिळावें, हा योगायोग मौजेचा खरा. या भागांत उभें राहून पाहणारास खड्डा कोठेंच दिसत नाहीं. मध्यभागीं ग्रॅनाइटाची सखल, लाटांसारखी जमीन आहे. तींत शेतें आहेत, कुरणें आहेत, मधून मधून दगडाच्या खाणी आहेत. त्या मैदानाच्या वायव्येस मात्र डोंगरांच्या ओळी एकामागून एक उभ्या आहेत, आणि त्या सरळ नसून धनुष्याप्रमाणें वांकलेल्या आहेत. व्हाल नदी त्यांतून वळणें घेत वाट काढते. हीं धनुष्यें पुरीं केलीं तर वर्तुळें व्हावयास पाहिजेत. पण आग्नेयेस हीं वर्तुळें एकाएकीं नाहींशीं होतात, कारण तिकडे कारू या नांवानें ओळखले जाणारे पुष्कळच अर्वाचीन थर जुन्या खडकांवर पांघरूण घालून बसले आहेत.

या डोंगरांतून मध्यापासून बाहेर चालत जाणें म्हणजे पृथ्वीचा इतिहास आडवा वाचणें होय. मध्याच्या ग्रॅनाइटाचें वय ३०० कोटी वर्षांहून अधिक आहे. त्यास लागून विटवॉटर्सरँड मालिकेचे क्वार्ट्झाइट व पाटीसारखे खडक, त्यांच्या बाहेर व्हेंटर्सडॉर्पचे लाव्हाचे थर, आणि त्यांच्याहि बाहेर ट्रान्सव्हालचे डोलोमाइट, असा जुन्याकडून नव्याकडे क्रम लागतो. थर साधारणतः एकावर एक आडवे पडलेले असतात. पोथ्यांची चवड रचावी त्याप्रमाणें सर्वांत जुनी तळाशीं आणि सर्वांत नवी वर. येथें ती चवड कोणीं तरी उचलून फळीवर उभी लावल्यासारखी आहे. इतकेंच नव्हे, तर कित्येक ठिकाणीं पोथ्या उभ्याहि राहिलेल्या नाहींत; त्या मागें कलंडून डोक्यावर पडल्या आहेत, आणि जुना थर नव्याच्या वर येऊन बसला आहे. सुमारें चाळीस किलोमीटर रुंदीचा ग्रॅनाइटाचा गोळा खालून वर आला आणि त्यानें आपल्या डोक्यावरचे थर कमळाच्या पाकळ्यांप्रमाणें चोहोंकडे उलगडून टाकले, असें तें एकंदर दृश्य आहे. हें कोणत्या शक्तीनें केलें, हाच वादाचा मुद्दा.

पहिला मार्मिक निरीक्षक एस्. जेम्स शँड हा होय. त्यानें १९१६ सालीं लंडनच्या भूस्तरशास्त्रीय मंडळाच्या त्रैमासिकांत पॅरीस येथील एका चमत्कारिक काळ्या खडकावर निबंध लिहिला. ग्रॅनाइटाच्या खाणींत कापलेल्या भिंतीवर हा खडक शाईच्या ओघळांप्रमाणें दिसतो. कोठें केसाएवढी रेघ, तर कोठें कित्येक मीटर रुंदीचा पट्टा. आणि त्या काळेपणांत ग्रॅनाइटाचे लहानमोठे गोटे, कडा बोथट झालेले, जसे कांहीं रशांत तरंगत आहेत. लाव्हापासून बनणारा टॅकिलाइट नांवाचा काळा कांचेसारखा खडक असतो. हा तसा दिसतो पण तो नव्हे, म्हणून शँडनें यास 'स्यूडोटॅकिलाइट', म्हणजे खोटा टॅकिलाइट, असें नांव दिलें. या निबंधाच्या मथळ्यांतच एक हिंदी संबंध आहे. मद्रास इलाख्याच्या मोजणींत किंग व फूट या हिंदुस्थानच्या भूस्तर खात्यांतील अधिकाऱ्यांस अशाच काळ्या रेघांचा खडक आढळला होता व त्यांनीं त्यास 'ट्रॅप-शॉटन नाइस' म्हटलें होतें. शँडनें आपल्या खडकाची तुलना त्याशीं केली. यांतील फूट म्हणजे पल्लावरम येथें १८६३ सालीं पाषाणयुगांतील हत्यार शोधून काढणारा तोच रॉबर्ट ब्रूस फूट. शँडचें अनुमान असें कीं, हा काळा पदार्थ बाहेरून आलेला नसून ग्रॅनाइटच जागच्या जागीं वितळून झालेला आहे, आणि तो सावकाश घासला जाऊन नव्हे तर एकाएकीं बसलेल्या धक्क्यानें, किंवा मग अतितप्त वायूंच्या योगानें, वितळला असावा. धक्का हा शब्द येणेंप्रमाणें १९१६ मध्येंच उच्चारला गेला. तो धक्का कोणाचा, हें मात्र शँडनें सांगितलें नाहीं.

१९२५ सालीं हॉल व मोलेनग्राफ या दोघांनीं या सर्व डोंगराळ प्रदेशाचें विस्तृत वर्णन ॲम्स्टरडॅम येथें प्रसिद्ध केलें. मोलेनग्राफ हे बोअर युद्धापूर्वीं ट्रान्सव्हाल सरकारचे भूस्तरशास्त्रज्ञ होते. त्यांच्याइतका हा मुलूख जाणणारे थोडेच होते. त्यांचा नकाशा व त्यांचीं वर्णनें आजहि आदरानें पाहिलीं जातात. त्यांनीं कारण मात्र पृथ्वीच्या पोटांतलें दिलें: भोंवतालचा दाब आणि खालून वर सरणारा शिलारस. यांत नवल असें कांहींच नाहीं. डोंगर उचलला गेला आहे, खडक तापून त्यांतील खनिजें पालटलीं आहेत, वितळलेला पदार्थ भेगांत शिरला आहे. हीं सर्व चिन्हें खालच्या अग्नीचीं म्हणून प्रत्येक विद्यार्थी शिकत असे.

आजच्या वाचकास असें वाटेल कीं, या विद्वानांनीं एकदां तरी वर कां पाहिलें नाहीं? याचें उत्तर त्या शास्त्राच्या बालपणांत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं भूस्तरशास्त्रास प्रलयांच्या आणि अद्भुत उत्पातांच्या कथांतून मोठ्या प्रयासानें सोडवावें लागलें. लायेल यांनीं शिकविलें कीं, आज जीं कारणें आपल्या डोळ्यांसमोर मंदपणें चाललीं आहेत त्यांनींच, दीर्घ काळ मिळाला असतां, सर्व कांहीं घडविलें. हा उपदेश अत्यंत हितकारक ठरला. परंतु शिष्यांनीं त्याचा अर्थ असा केला कीं, जें आपण घडतांना पाहिलें नाहीं तें कधीं घडलेंच नाहीं. आकाशांतून आलेल्या दगडानें डोंगर उलथविल्याची गोष्ट त्यांच्या कानांस पुन्हां जुन्या प्रलयासारखीच वाटली असावी.

याचें अत्यंत बोधप्रद उदाहरण अमेरिकेंतील आहे. ॲरिझोनाच्या वाळवंटांत सुमारें १२०० मीटर रुंदीचा एक सुबक खड्डा आहे, आणि त्याच्या भोंवतीं उल्कालोहाचे तुकडे विखुरलेले होते. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या थोर भूस्तरशास्त्रज्ञानें १८९१ मध्यें तेथें जाऊन कसोट्या लावल्या. खालीं प्रचंड लोहगोळा पुरलेला असेल तर होकायंत्राची सुई हलली पाहिजे, आणि त्या गोळ्यानें जागा अडविली असल्यानें कांठावरील माल खड्ड्यांत मावण्याहून अधिक भरला पाहिजे. दोन्ही कसोट्या उतरल्या नाहींत. तेव्हां त्यानें प्रामाणिकपणें, परंतु चुकीचा, निकाल दिला कीं हा खड्डा वाफेच्या स्फोटानें झाला. त्या निबंधांत, तशाच प्रकारचें दुसरें स्थळ म्हणून त्यानें आमच्या लोणारचाहि उल्लेख केला आहे. एवढ्या वेगानें आदळणारा पाषाण पुरला जात नाहीं, तो स्वतःच बहुतांशीं वाफ होऊन जातो, ही गोष्ट त्यास ठाऊक असणें शक्य नव्हतें. गंमत अशी कीं, याच गिल्बर्टनें पुढें १८९३ मध्यें चंद्रावरील खड्डे मात्र आघातानें झाले असें प्रतिपादन केलें! लोणारवरील ज्वालामुखीचा आरोप अखेर १९७३ सालीं अमेरिकन व हिंदी शास्त्रज्ञांनीं मिळून दूर केला.

व्रेडेफोर्टकडे आकाशाच्या बाजूनें प्रथम पाहिलें तें टेक्सासमधील दोघांनीं. जॉन बून हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, आणि क्लॉड ॲल्ब्रिटन हे भूस्तरशास्त्रज्ञ. त्यांनीं १९३६ व १९३७ मध्यें लिहिलेल्या छोट्या निबंधांचा युक्तिवाद साधा, परंतु आमच्या मतें फार सुंदर आहे. उल्का आज पडतात तशा पूर्वींहि पडत असल्या पाहिजेत. पूर्वींचे खड्डे झिजून गेले असतील. पण खड्ड्याखालचा खडक तर मोडलेला, वांकलेला राहील. तेव्हां जुन्या खडकांत खड्डे शोधूं नका, व्रण शोधा. आणि तो व्रण कसा दिसेल? शांत पाण्यांत थेंब पडला म्हणजे प्रथम खळगा होतो, मग त्या खळग्याच्या मधून पाण्याचा एक खांब वर उसळतो, आणि भोंवतीं वर्तुळाकार लाटा पसरतात. प्रचंड आघाताखालीं खडकहि तसाच दबून उसळी घेईल, आणि ती उसळी अर्ध्यावर थिजून राहील. मध्यें वर आलेला गोळा, भोंवतीं उलथलेले थर, त्यांभोंवतीं वर्तुळाकार वांक. जगांतील अशा संशयित स्थळांत त्यांनीं व्रेडेफोर्टचें नांव घातलें. हार्वर्डचे वृद्ध प्राध्यापक रेजिनाल्ड डेली यांनींहि १९४७ मध्यें याच बाजूनें लेखणी उचलली.

तथापि सुंदर कल्पना म्हणजे पुरावा नव्हे. पुराव्याचा पहिला तुकडा शंकूच्या आकारानें आला. कांहीं खडक फोडले असतां त्यांत घोड्याच्या शेपटीप्रमाणें एका टोंकापासून पसरत जाणाऱ्या रेघांचे शंकु आढळतात. कांहीं वीतभर, तर कांहीं माणसाएवढे. इंग्रजींत यांस 'शॅटर कोन' म्हणतात. आपण भंगशंकु म्हणूं. रॉबर्ट डाइट्झ यांचा १९४७ पासून असा आग्रह होता कीं, हे शंकु आघाताच्या लाटेनेंच होतात आणि त्यांचीं टोंकें धक्का ज्या बाजूनें आला तिकडे वळलेलीं असतात. झिजलेल्या आघातस्थळांस त्यांनीं ग्रीक भाषेंतून 'ॲस्ट्रोब्लीम' असें नांव दिलें. त्याचा अर्थ ताऱ्यानें केलेला घाव. व्रेडेफोर्ट जर असा घाव असेल तर तेथें भंगशंकु सांपडलेच पाहिजेत, असें त्यांनीं बजावलें. आणि १९६१ सालीं रॉबर्ट हारग्रेव्ह्ज यांनीं ते तेथें सांपडल्याचें प्रसिद्ध केलें. ज्या डोंगरांत पन्नास वर्षें मोठमोठे लोक हातोडी घेऊन हिंडले, तेथें ते होतेच. पण त्यांचा अर्थ कोणासच ठाऊक नव्हता.

यांतली खरी मेख पुढें आहे. आज उभ्या व उलट्या असलेल्या थरांतील शंकूंचीं टोंकें इकडे तिकडे रोखलेलीं दिसतात. परंतु कागदावर हे थर पुन्हां आडवे निजवून पाहिलें, म्हणजे बहुतेक टोंकें आंत आणि वर, म्हणजे मध्याच्या वरील एका जागेकडे, वळतात. याचा अर्थ शंकु आधीं झाले आणि थर नंतर उलथले. आणि धक्का आला तो वरून. पुढें अधिक बारकाईनें मोजमाप झालें तेव्हां सर्व शंकु इतके शिस्तीचे नाहींत असें आढळलें, आणि ते नेमके कसे होतात यावर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. पण थर उलथण्यापूर्वीं धक्का बसला, हा मुद्दा ढळला नाहीं.

एवढ्यावर वाद मिटला असता तर ही हकीकत येथेंच संपली असती. १९६३ सालीं वॉल्टर ब्यूकर यांनीं एका निबंधांत सरळ प्रश्न विचारला कीं, या स्फोटस्थळांचें कारण पृथ्वीच्या बाहेरचें कीं आंतलें? त्यांचें स्वतःचें उत्तर होतें, आंतलें. दक्षिण आफ्रिकेंतहि हा पक्ष बलवान होता. विटवॉटर्सरँड विद्यापीठाचे लुई निकोलेसन यांसारखे विद्वान १९९० पर्यंत, पृथ्वीच्या खोल भागांतून कोंडलेले वायु फुटून बाहेर पडल्यानें हें सर्व घडलें, असें मांडीत होते. त्यांचे आक्षेप पोरकट नव्हते. उत्तरेस बुशफेल्ड येथें शिलारसाची अवाढव्य राशी थिजलेली आहे, तिचें वय व्रेडेफोर्टच्या वयाच्या अगदीं जवळ येतें. मग इतक्या विस्तीर्ण पृथ्वीवर पाषाणानें नेमका हाच काळ आणि हीच जागा कशी निवडली? खडक तापून पालटले ते एका क्षणांत कसे? या लोकांस हट्टी म्हणून मोकळें होणें सोपें आहे. आम्हांस तसें वाटत नाहीं. आपला मुलूख पायांखालीं तुडवून जाणणाऱ्या माणसांस, तो कधींच न पाहिलेल्या परदेशी पंडिताचें बोलणें सहजासहजीं पटूं नये, हें स्वाभाविक आहे; आणि त्यांच्या विरोधामुळेंच पुरावा इतका कसून तपासला गेला.

निकाल लागला तो डोंगरावर नव्हे, सूक्ष्मदर्शकाखालीं. गारगोटी हा अगदीं सामान्य खनिज पदार्थ. पण त्यावर अतिशय दाब पडला असतां त्याचे कण दाटून दुसरींच रूपें घेतात. एक रूप लोरिंग कोस यांनीं १९५३ मध्यें प्रयोगशाळेंत तयार केलें, तें कोएसाइट. त्याहून दाट दुसरें रूप स्टिशॉव्ह यांनीं रशियांत १९६१ मध्यें केलें, तें स्टिशोव्हाइट. या दुसऱ्यास लागणारा दाब पृथ्वींत सुमारें ३०० किलोमीटर खोलीवरच असतो. ॲरिझोनाच्या खड्ड्यांत कोएसाइट १९६० मध्यें सांपडलें आणि गिल्बर्टची वाफ निकालांत निघाली. १९७८ सालीं मार्टिनी यांनीं व्रेडेफोर्टच्या क्वार्ट्झाइटांत दोन्ही रूपें सांपडल्याचें जाहीर केलें. वर पडून असलेल्या गारगोटीच्या थरांवर एवढा दाब आणील असा वायूचा स्फोट कोणीं दाखवूं शकलें नाहीं. १९९४ मध्यें गारगोटीच्या कणांतील आघाताच्या सूक्ष्म रेघा इलेक्ट्रॉनच्या सूक्ष्मदर्शकानें ओळखल्या गेल्या.

आणि १९९६ मध्यें दोन साक्षी एकदम आल्या. झिरकॉन नांवाच्या टणक खनिजांत युरेनियमाचें शिसें होत जातें त्यावरून काळ मोजतां येतो; त्या रीतीनें आघाताचें वय २०२.३ कोटी वर्षें आलें, आणि त्यांत फार तर ४० लक्ष वर्षांची चूक संभवते. बुशफेल्डची राशी याहून तीन कोटी वर्षांनीं जुनी आहे. तेव्हां त्या दोहोंचा संबंध तुटला. दुसरी साक्ष ऑस्मियम धातूची. व्रेडेफोर्टच्या मध्यांत ग्रॅनोफायर नांवाच्या काळसर खडकाच्या थोड्याशा लांबट भिंती आहेत. त्यांच्या अंगावर सॅन लोकांनीं फार पूर्वीं जनावरांचीं चित्रें कोरून ठेवलीं आहेत. या खडकांतील ऑस्मियमचें प्रमाण व त्याची जात पाहतां त्यांत उल्कापाषाणाचा अंश मिसळला आहे असें निघालें. अंश फार थोडा, पांचशांत एक भागापेक्षां अधिक नव्हे, पण तो पृथ्वीचा नव्हे. पडलेल्या पाषाणाचें म्हणून जें कांहीं उरलें आहे तें एवढेंच.

ही भिंत येथें कशी आली हें पाहिलें म्हणजे सर्व चित्र स्पष्ट होतें. पाषाण आदळल्यावर क्षणांत अतिप्रचंड खळगा झाला, त्याचा तळ उसळून वर आला, कडा आंत कोसळल्या. हा सर्व खेळ कांहीं मिनिटांचा. शेवटीं जें विवर राहिलें त्याची रुंदी २५० ते ३०० किलोमीटर असावी असा अंदाज आहे. मुंबईहून कोल्हापूरपर्यंत पक्ष्याच्या उड्डाणानें जितकें अंतर, जवळजवळ तितकी. पाषाणाची रुंदी पूर्वीं दहा ते पंधरा किलोमीटर सांगत. २०२२ सालच्या एका गणितानें ती वीस ते पंचवीसपर्यंत नेली. विवराच्या तळावर वितळलेल्या खडकाचें तळें सांचलें, आणि त्यांतला कांहीं रस खालच्या भेगांत उतरून थिजला. मग झीज सुरू झाली. तळें गेलें, त्याखालचा चुरा गेला, सात ते दहा किलोमीटर जाडीचा खडक गेला. भेगांत उतरलेल्या रसाचीं मुळें तेवढीं राहिलीं, तींच ग्रॅनोफायरच्या भिंती. म्हणजे आज पॅरीसचा शेतकरी नांगरतो ती जमीन विवराचा तळ नव्हे; ती तळाच्या कित्येक किलोमीटर खालची पृथ्वी आहे. लोणारच्या तळाखालीं काय झालें आहे हें पाहावयाचें तर विंधनविहिरी पाडाव्या लागतात, आणि त्यांतून हाताएवढ्या जाडीचे तुकडे मिळतात. व्रेडेफोर्टमध्यें तें सर्व उन्हांत उघडें पडलें आहे. ज्या झिजेनें खड्डा पुसला तिनेंच त्याची मुळें उघडीं केलीं. आणि हीं मुळें ओळखतां येईनात म्हणून एवढा वाद झाला.

सोन्याविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे, कारण त्याबद्दल एक भ्रम पसरलेला आढळतो. विटवॉटर्सरँडच्या खाणींतील सोनें १८८६ सालीं सांपडलें आणि त्यावर जोहान्सबर्ग उभें राहिलें. मनुष्यानें आजवर पृथ्वींतून काढलेल्या सर्व सोन्याचा एक तृतीयांशाहून अधिक भाग याच खडकांतून आला असें मानतात. हें सोनें आकाशांतून आलें असें कित्येक समजतात, तें खरें नाहीं. तें आघाताच्या सत्तर-ऐंशीं कोटी वर्षें आधींच त्या थरांत बसलें होतें. आघातानें एवढेंच केलें कीं, मध्याभोंवतींचे थर खालीं वांकवून त्यांवर इतर खडकांचें ओझें घातलें, आणि त्यामुळें ते पुढील झिजेंतून बचावले. नाहीं तर तें सोनें वाळूबरोबर केव्हांच वाहून गेलें असतें.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले १९१२ च्या ऑक्टोबरांत दक्षिण आफ्रिकेंत गेले तेव्हां क्लेर्क्सडॉर्प, पॉचेफस्ट्रूम व क्रूगर्सडॉर्प या मार्गानें आगगाडीनें जोहान्सबर्गास पोंचले. गांधीजींनीं लिहून ठेवलें आहे कीं, तेथील हिंदी लोकांनीं त्यांस दिलेलें मानपत्र त्याच खाणींतील सोन्याच्या पत्र्यावर कोरलेलें होतें. हीं चारहि गांवें, आणि सत्याग्रहींच्या कुटुंबांचें टॉल्स्टॉय फार्महि, त्या मूळच्या विवराच्या पोटांत येतात. पुण्याचा हा मुत्सद्दी त्या दिवशीं तासचे तास एका आघाताच्या घेरांतून प्रवास करीत होता. आणि ही गोष्ट तेव्हां गाडींतल्याच काय, पण जगांतल्या कोणासच ठाऊक नव्हती. शँडचा निबंध निघण्यास अद्याप चार वर्षें होतीं.

२००५ सालीं व्रेडेफोर्टचा समावेश जागतिक वारशाच्या यादींत झाला. सर्वांत जुनें आघातस्थळ हा मान त्याकडे फार दिवस राहिला नाहीं; ऑस्ट्रेलियांतील याराबुब्बा येथील व्रणाचें वय २०२० मध्यें सुमारें २२२.९ कोटी वर्षें ठरलें. सर्वांत मोठें हा मान मात्र अद्याप त्याचाच आहे. आपल्या देशांतहि असा एक झिजलेला व्रण आहे. मध्य प्रदेशांत शिवपुरी जिल्ह्यांत ढाला येथें, सुमारें अकरा किलोमीटर रुंदीचा, १७० ते २५० कोटी वर्षांच्या दरम्यानचा. तेथें वितळून थिजलेला जो खडक आढळतो तो ज्वालामुखीचा म्हणूनच पूर्वींच्या लिखाणांत नोंदला गेला होता. अलाहाबाद विद्यापीठाचे जयंत कुमार पति व त्यांचे सहकारी यांनीं त्याच्या पातळ चकत्या सूक्ष्मदर्शकाखालीं धरल्या, आणि गारगोटीच्या कणांत त्याच सूक्ष्म रेघा त्यांस दिसल्या. त्यांचा निबंध २००८ सालीं प्रसिद्ध झाला.